मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय चालत नाहीत, व्हीलचेअर लावलीय का कुणी? (कोल्हापूर)

पेठेतलीअनु · ९ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमचा बाजी, जर्मन शेफर्ड, साडेनऊ वर्षांचा, वजन ३६ किलो. दिवाळीच्या आधीपासून चालताना मागची नखं रस्त्याला घासल्याचा आवाज यायचा, खर्र खर्र, आम्हाला वाटलं नखं वाढलीत म्हणून कापून घेतली. मग एक दिवस फरशीवर रक्ताचे ठिपके, बघितलं तर उजव्या पायाची मधली दोन नखं वरच्या अंगानं झिजून पार मुळापर्यंत गेलेली. एका डॉक्टरांनी वय झालंय, संधिवात आहे म्हणून कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या, दोन महिने त्यातच गेले, फरक काहीच नाही.

शेवटी गाडी करून शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेलं. एक्स-रे झाला, रक्त तपासलं, गोचीड तापाचीही टेस्ट झाली. तिथल्या डॉक्टरांनी त्याला उभा करून मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. चांगलं कुत्रं लगेच पंजा सरळ करून घेतं म्हणाले. बाजी तसाच उभा. पंजाची पाठ जमिनीला लागलेली आणि हा माझ्याकडं बघून शेपूट हलवतोय. आपला पाय कुठं आहे हेच त्याला कळत नव्हतं. मला तिथंच रडू आलं.

डीजनरेटिव्ह मायलोपथी, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू निकामी होण्याचा आजार, असण्याची दाट शक्यता आहे म्हणाले, औषध नाही, व्यायाम करत राहा आणि पुढं व्हीलचेअर लागेल. घरी माझे सासरे, आण्णा, वय ७१, पोटाखाली टॉवेल घालून त्याला उचलतात आणि दारातल्या तीन पायऱ्या उतरवतात, आता त्यांचीच कंबर धरायला लागलीय. मिस्टर सकाळी सातला कामावर जातात. एवढ्या मोठ्या कुत्र्याला व्हीलचेअर जमते का? कुणी लावली असेल तर कृपया सगळं सविस्तर सांगा, लहानसहान पण सांगा.

लॅबकाका · ९ जानेवारी, रात्री ११:३५

अनुताई, आमच्या लॅब्रेडॉरला खुब्याचा त्रास होता, तुमच्यापेक्षा वेगळा आजार, त्याला दुखायचं. पण पाय ओढणं, पडणं, उचलणं सगळं सारखंच. आमच्याकडून एक चूक झाली ती सांगतो. आम्ही व्हीलचेअर अगदी शेवटी आणली, दोन्ही पाय पूर्ण गेल्यावर. तोवर पुढचे खांदे ओढून ओढून थकलेले आणि मांडीचं मांस निम्मं उतरलेलं. पायात थोडी ताकद आहे तोवरच लावा. त्यात उभा राहून तो मागचे पायही टाकतो, तोच व्यायाम होतो. चेअर लावली म्हणजे पाय सोडून दिले असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि उद्या सकाळी उठल्यावर पहिलं काम, घरातल्या गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका. तो जिथनं जिथनं जातो तिथं तिथं, पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत सलग. सतरंजी टाकू नका, ती पायाखालून सरकते. टॉवेल पण बंद करा, मागच्या बाजूला हँडल असलेला हार्नेस मिळतो तो घ्या, आण्णांना वाकावं लागणार नाही. नर आहे ना, मग पट्टा लघवीच्या जागेवर दाबत नाही ना बघून घ्या.

पशुवैद्य_कागल · १० जानेवारी, सकाळी ७:१५

मी जनावरांचा डॉक्टर आहे, जास्त काम गाई-म्हशींचं, पण कुत्रीही येतात. हा आजार मज्जारज्जूचा. मेंदूकडून पायाकडं निरोप नेणारे धागे हळूहळू खराब होतात. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी अशा जातींत जास्त दिसतो, साधारण आठ वर्षांनंतर. एसओडी१ नावाच्या जनुकातला बदल याच्याशी जोडलेला आहे हे २००९ साली दाखवलं गेलं, माणसांच्या एएलएस आजारात (स्नायू हळूहळू निकामी होतात तो) काही घराण्यांमध्ये याच जनुकात बदल सापडतो. स्वतः या आजाराला वेदना नसते, म्हणून दुखण्याच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. जिवंतपणी शंभर टक्के निदान करणारी एकच अशी टेस्ट नाही, मणक्यातली चकती सरकणं, गाठ, खुबा अशी बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढत तिथं पोचतात. त्यामुळं शिरवळला नेलंत ते फार बरं केलंत.

सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. कुत्र्याला माणसाची पेनकिलर देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल काहीही घरच्या डब्यातलं नको, पोटात जखमा होतात, किडनी, लिव्हर जाते. आणि लस न झालेल्या कुत्र्याचे पाय अचानक गेले तर हात लावायच्या आधी डॉक्टरांना बोलवा, रेबीजमध्येही असं होतं.

व्यायाम: आडवा झोपवून मागचा एकेक पाय सायकल मारल्यासारखा हळू फिरवायचा, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. मग उभा धरून पंजे नीट टेकवून दोन-तीन मिनिटं. वजन अजिबात वाढू देऊ नका. शेफर्डला ३६ किलो जास्तच वाटतात, बरगड्या हाताला लागायला पाहिजेत.

नदीकाठ · १० जानेवारी, दुपारी १:२०

पंचगंगेला घाटावर न्या की रोज, पाण्यात पाय आपोआप हलतात, आमच्या म्हशी पवून पवून धडधाकट हायत.

पशुवैद्य_कागल · १० जानेवारी, दुपारी २:०५

पाण्यातला व्यायाम खरंच चांगला, पण नदीत नको. मागचे पाय चालत नसतील तर मागचं अंग खाली जातं आणि कुत्रं घाबरतं. स्वच्छ पाणी, छातीपर्यंतच, अंगावर लाइफ जॅकेट आणि एक माणूस कायम पोटाखाली हात धरून, असं जमत असेल तरच.

साधामाणूस · १० जानेवारी, रात्री ९:१०

राग मानू नका ताई. पण मुक्या जनावराचे हाल कशाला? बरं होणार नाही असं डॉक्टर सांगतायत, मग चाकं लावून ओढत नेणं हे आपल्या मनाचं समाधान झालं. त्याला शांतपणे जाऊ द्यावं असं मला वाटतं.

पेठेतलीअनु · १० जानेवारी, रात्री १०:३०

राग नाही. हा प्रश्न आमच्या घरात चार वेळा झालाय, आण्णा तर जेवण सोडून उठले होते. पण आज सकाळचं सांगते. दूधवाल्याची घंटा वाजली आणि बाजी पुढच्या पायांवर अंग ओढत दारापर्यंत गेला, कारण रोज त्याला दूधवाला साय देतो. भूक आहे, माणसं ओळखतो, गेटबाहेरचं मांजर अजून सहन होत नाही. दुखत नाहीये असं डॉक्टर सांगतायत. ज्या दिवशी तो साय नको म्हणेल, श्वासाला त्रास होईल, पुढचे पाय जातील, त्या दिवशी आम्ही डॉक्टरांसमोर बसून बोलू आणि मागं हटणार नाही. पण आज तो दारापर्यंत जातोय, मग आज त्याला दाराच्या बाहेर नेणं हे माझं काम आहे.

साधामाणूस · १० जानेवारी, रात्री १०:५२

पटलं ताई. काही लागलं तर सांगा.

पेठेतलीअनु · २ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

अपडेट. मॅट टाकल्या, हार्नेस आला, दोन्हीचा खूप उपयोग झाला. चेअरचं मात्र फसलं. ऑनलाइन मागवली, साइटवर फक्त वजन टाकायचं होतं, ३५ किलोच्या पुढं एक्सएल असं. आली ती लांबीला तोकडी, कमरेत घट्ट, आणि चाकं एवढीशी, सुटकेसला असतात तशी. गल्लीतल्या पेव्हिंग ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं आणि बाजी कुशीवर आडवा झाला. लागलं नाही, पण आता चेअर बघितली की कोपऱ्यात जाऊन बसतो. परत घेणार नाही म्हणतात. पैसे गेले ते गेले, त्याच्या मनात भीती बसली त्याचं जास्त वाईट वाटतंय.

उद्यमनगरवाला · २ फेब्रुवारी, रात्री ८:१५

ताई मी शिवाजी उद्यमनगरात आहे, आमचं लेथ आणि फॅब्रिकेशनचं काम आहे, आख्खं गाव इथं पंपाचे पार्ट करून घेतंय मग एका कुत्र्याची गाडी व्हायला काय अडचण. कुत्र्याची गाडी कधी केलेली नाही पण तुम्ही मापं द्या, करूया. पीव्हीसी पाईपची करायचे व्हिडिओ फिरतात ते लहान कुत्र्याला ठीक, ३६ किलोला पाईप वाकणार. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप घेऊ, हलका पडतो आणि गंजत नाही.

लॅबकाका · २ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मापं घेताना दोघं लागतात. एकानं मागून हार्नेसनं उचलून त्याला पाठ सरळ राहील असा उभा धरायचा, तो बसका उभा असताना मापं घेतलीत तर सगळं चुकेल. एक, मांडी आणि पोटाच्या मधल्या घडीपासून जमिनीपर्यंत उंची. दोन, कमरेची सगळ्यात रुंद जागा, त्याला दोन्ही बाजूंनी इंचभर सुट द्या. तीन, पुढच्या पायाच्या मागून शेपटीच्या बुंध्यापर्यंत लांबी. चार, छातीचा घेर. तीन वेळा मोजा, आमच्या कुत्र्याचं माप दर वेळी वेगळं यायचं कारण तो हलायचा.

आणि उद्यमनगरवाले, चाकाची जागा फिक्स वेल्डिंग करू नका, पुढं-मागं सरकवता आली पाहिजे.

पेठेतलीअनु · २३ फेब्रुवारी, रात्री ११:०५

आज लिहिण्यासारखं खूप आहे, लांबलं तर माफ करा.

गाडी झाली. चौकोनी पाईप, आर्गन वेल्डिंग, लहान मुलांच्या सायकलची १२ इंची चाकं, बेअरिंग घालून. चाकं खालच्या बाजूला थोडी बाहेर फाकलेली आहेत, त्यामुळं वळताना पलटी होत नाही. पूर्ण गाडी साडेपाच किलो भरली. पाईप जिथं अंगाला लागतो तिथं एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम चढवलाय.

बसायचं जे मधलं आहे, ज्यात मागचे पाय घालायचे, ते वर्कशॉपमध्ये जमेना. मग आण्णा उठले आणि सुभाषनगरला त्यांच्या ओळखीच्या चप्पल करणाऱ्या मामांकडं घेऊन गेले. आण्णांना वाटलं चामड्याचं करावं, दणकट होईल. मामांनी बाजीचा फोटो बघितला, मापं बघितली आणि म्हणाले, "हे खोगीरच की. पण चामडं नको, यावर मूत पडणार, दोन दिवसांत कडक होऊन जांघ सोलवटंल." त्यांनी कॅनव्हासचं शिवलं, आत फोम, अंगाला लागतो तिथं मऊ कापड, आणि शिवण सगळी बाहेरच्या बाजूला. उलटं करून मला बोट फिरवून बघायला लावलं, कुठं टोचतंय का. पैसे घ्यायला तयार नव्हते, आण्णांनी खिशात कोंबले. दोन शिवून दिलेत, एक धुवायला एक वापरायला.

मग बॅलन्स. हा दिवस मी विसरणार नाही. वर्कशॉपच्या दारात बाजीला गाडीत घातला आणि तो जागचा हलेना, मान खाली. मी म्हटलं झालं, घाबरला. लॅबकाकांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, खांद्यावरचा पाईप उचलून बघा म्हणाले. बघितलं तर पाईप खांद्यात रुतलेला, बोट पण आत जात नव्हतं. चाकं फार मागं होती, सगळा भार पुढं आलेला. पान्यानं नट ढिले करून चाकं तीन इंच पुढं घेतली, तर आता पुढचा पाईप वर उचलायला लागला आणि बाजीचे पुढचे पाय हलके पडले. परत इंचभर मागं. मग परत अर्धा इंच. उद्यमनगरवाले भाऊ जमिनीवर आडवे होऊन एका बोटानं पाईप वर-खाली करून बघत होते. एका जागी आला आणि पाईप बोटाच्या टोकावर तराजूसारखा थांबला. ते काही बोलले नाहीत, फक्त नट आवळले आणि बाजूला झाले.

बाजीनं मान वर केली. एक पाऊल, दोन पावलं, आणि मग सरळ समोरच्या चहाच्या गाड्याकडं. मला पळावं लागलं. लेथवरची पोरं काम टाकून बाहेर आली होती. चार महिन्यांत त्याची पाठ मी सरळ बघितली नव्हती.

उद्यमनगरवाला · २३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

ताई त्याचं ते पळणं बघून आमचे मिस्त्री डोळं पुसत होते. नट महिन्यातून एकदा बघा, ढिले होतात. मजुरीचा विषय परत काढू नका.

लॅबकाका · २४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

वाचून आनंद झाला. आता घाई करू नका. पहिला आठवडा पाच-दहा मिनिटंच, दिवसातून दोनदा. त्याला गाडीत घालताना आवडीचं खायला द्या आणि काढताना देऊ नका, म्हणजे गाडी आली की काहीतरी चांगलं होतं हे डोक्यात बसेल. गाडीत असताना एकटा सोडायचा नाही, अगदी फोन घ्यायला आत जायचं असलं तरी नाही. त्यात त्याला आडवं होता येत नाही, थकला तरी उभाच राहतो. जीभ खूप बाहेर आली, पुढचे पाय थरथरले की बास.

पेठेतलीअनु · १९ मार्च, दुपारी ३:१५

रोज अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी, असं जमलंय. मागचे पाय जमिनीला लागतील एवढीच उंची ठेवलीय, पंधरा-वीस पावलांत एखादं पाऊल तो स्वतः टाकतो. पंजात रबरी बूट घालतो, नखं आता वाचतायत. लघवी, शी गाडीत उभ्यानंच होते. पहिल्यांदा गल्लीतल्या त्याच्या नेहमीच्या खांबापाशी गेला, वास घेत बराच वेळ उभा राहिला. तंगडी वर करता आली नाही, तसाच मोकळा झाला आणि पुढं निघाला.

एक चूक माझी झाली ती लिहिते. सुरुवातीला गाडी काढली की अंग बघायचं राहून जायचं. तिसऱ्या आठवड्यात डाव्या जांघेत केस गेलेले दिसले आणि कातडी लाल. फोम दबून पातळ झाला होता. चार दिवस गाडी बंद ठेवली, नवा फोम घातला. आता रोज काढल्यावर जांघ, काखा, छातीचा पट्टा तिन्ही जागी हात फिरवून बघते.

मालिश आण्णा करतात. तालमीत वाढलेला हात, सुरुवातीला जोर जास्त लावायचे, डॉक्टरांनी हळू करायला सांगितलं. आता बाजी आण्णांचा आवाज ऐकला की आपणच कुशीवर होतो.

पशुवैद्य_कागल · १९ मार्च, सायंकाळी ५:३०

उत्तम. पुढच्या काळात लघवी पूर्ण होतेय का ते बघत राहा. थेंब थेंब होणं, उग्र वास, रंग बदलणं दिसलं तर लगेच तपासून घ्या, या कुत्र्यांना लघवीचा संसर्ग पटकन होतो. झोपताना जाड गादी, वर पाणी न मुरणारी चादर, आणि उठता येत नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला. कोपर आणि खुब्यावर जखमा तिथूनच सुरू होतात.

नदीकाठ · १९ मार्च, रात्री ८:००

काल रंकाळ्यावर संध्याकाळी बगितला मी. तांबडा पट्टा घातलेला, बाजीच ना तो? म्हातारे आजोबा संगं होते. लई झ्याक चालतंय. भटकी कुत्री अंगावर येत्यात का?

पेठेतलीअनु · १९ मार्च, रात्री ८:४५

हो बाजीच! पहिल्या दिवशी तीन कुत्री आली, चाकांवर भुंकली, आण्णांनी काठी आपटून हाकलली. आता ओळखतात. बाजीला गाडीत पळता येतं पण पटकन मागं वळता येत नाही, त्यामुळं आम्ही मोकळी जागा बघूनच थांबतो. माणसं थांबून विचारतात, लहान पोरं चाकांना हात लावतात, आण्णा प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात, त्यामुळं अर्ध्या तासाचा फेरा तासाचा होतो आणि मला घरून फोन करावा लागतो की आता आणा त्याला.

पेठेतलीअनु · २१ जून, सकाळी ९:२०

बरेच दिवसांनी. मागचे दोन्ही पाय आता पूर्ण थांबलेत, मे महिन्यात शेवटचं पाऊल टाकलं असेल. उद्यमनगरच्या भावांनी मागं दोन रिकिबी लावून दिल्या, पंजे त्यात अडकवतो म्हणजे रस्त्यावर घासत नाहीत. वजन ३२ वर आणलंय. पुढचे पाय मजबूत आहेत, छाती भरलीय. पाऊस सुरू झाल्यापासून रंकाळा बंद, गल्लीतच फिरतो, आल्यावर चाकं पुसून बेअरिंगमध्ये ग्रीस. खोगीर वाळत नाही म्हणून मामांकडून तिसरं शिवून आणलं. दूधवाल्याकडून साय अजून मिळते.

गडहिंग्लजकर · २१ जून, रात्री ९:५५

ताई, पूर्ण धागा वाचला. आमच्या शेजारी गावठी कुत्री आहे, मोटरसायकलनं उडवली, कंबर गेली. डॉक्टरांनी मणका बघितला, जखमा भरल्यात, आता चाकं लावा म्हणाले. वजन १८ किलो आहे. ज्यांची कुत्री आहे ते मजुरी करतात, नवीन गाडी घेणं जमणार नाही. तुमची ती ऑनलाइनची चेअर अजून आहे का? विकत देणार असाल तर आम्ही गल्लीतली चार जणं वर्गणी काढतो.

पेठेतलीअनु · २१ जून, रात्री १०:१०

आहे, तशीच पडून आहे. वर्गणी नको. कुत्री लहान आहे त्यामुळं लांबीला बसेल, चाकं मात्र बदलून घ्या नाहीतर फटीत अडकतील. उद्या सकाळी तिला उभी धरून लॅबकाकांनी वर सांगितलेली चारही मापं घ्या आणि मला मेसेज करा, मी इथं टेप लावून बघते, कमी पडत असेल तर आधी उद्यमनगरला नेऊन रुंद करून ठेवते. रविवारी या. सकाळी दहाच्या आत आलात तर आण्णा स्वतः घालून दाखवतील, बाजी पण असेल.

उद्यमनगरवाला · २१ जून, रात्री १०:२५

ताई रविवारी नको, शनिवारी संध्याकाळीच माझ्याकडं टाका ती चेअर. १० इंची दोन चाकं आहेत माझ्याकडं, बसवून ठेवतो.